हाताने वेबसाईट लिहायची तर: कोड येणाऱ्यांसाठी, पहिल्या फाईलपासून डोमेनपर्यंत

जावा किंवा पायथनमध्ये हात बसलेला माणूस वेबसाईट लिहायला घेतो, तेव्हा टॅग पाठ नसणं ही त्याची खरी अडचण नसते. टॅग दोन संध्याकाळींत येतात. अडतं ते सवयीपाशी. प्रोग्राम कुठल्या मशीनवर चालणार हे आपल्याला माहीत असतं, आणि चुकलं की ओळ क्रमांकासकट कळतं. वेबपान मात्र वाचणाऱ्याच्या हातात गेल्यावर पुरं होतं. कुणाचा पाच इंची फोन, कुणी अक्षर मोठं करून ठेवलेलं, कुणी स्क्रीन रीडरवर ऐकणारा. शिवाय एचटीएमएल, म्हणजे पानाची टॅगांची भाषा, चुकली तर ब्राउझर कुरकुरत नाही. आपल्या नियमांनी डागडुजी करून पान दाखवतो. रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधली न कळलेली ओळ तर तो सरळ सोडून देतो. म्हणून पहिल्यापासून एक धोरण धरा: ब्राउझरला जे आधीच येतं ते त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि उरलेलंच आपण लिहायचं.

उदाहरणाला एक पान घेऊ. काटोलच्या बागेतली संत्री नागपुरात घरपोच देणारा बागाईतदार. पानावर बागेची ओळख, आंबिया आणि मृग बहराचं कोष्टक, पेटीचे भाव, मागणीचा फॉर्म आणि फोन नंबर. एवढ्या पानात जवळपास सगळं शिकून होतं. टॅग आणि गुणधर्मांची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाईलमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांत लिहायची.

हत्यारं आणि फोल्डर

व्हीएस कोड किंवा जो एडिटर हाताला आहे तो, क्रोम आणि फायरफॉक्स असे दोन ब्राउझर, आणि गिट. बस. रिअॅक्ट, बूटस्ट्रॅप, टेलविंड या तयार फ्रेमवर्कांना पहिल्या साईटला हात लावू नका. ती वाईट आहेत म्हणून नाही. पान बिघडलं तर बिघाड ब्राउझरच्या नियमामुळे आहे की फ्रेमवर्कच्या, हे नवख्याला ओळखता येत नाही, आणि मग तो उत्तरं शोधत भलत्याच गल्लीत फिरतो. ब्राउझरचे नियम अंगवळणी पडले की फ्रेमवर्क एका आठवड्यात कळतं.

फोल्डरमध्ये तीनच गोष्टी ठेवा: इंडेक्स नावाची एचटीएमएल फाईल, एक सीएसएस फाईल आणि चित्रांचं फोल्डर. फाईलींची नावं रोमन छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता, आडव्या छोट्या रेघेने जोडून. हा नियम शोभेचा नाही. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती दोन वेगळी नावं वाटतात. घरी दिसणारं चित्र सर्व्हरवर गायब झालं आणि ४०४ (‘फाईल सापडली नाही’) आला, तर पहिल्यांदा फाईलच्या नावातलं आणि एक्स्टेन्शनमधलं मोठं अक्षर तपासा. फोनवरून आलेल्या फोटोंचं एक्स्टेन्शन पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असतं.

फाईलवर दोनदा क्लिक करून पान उघडू नका. तसं उघडलं की तिरक्या रेघेने सुरू होणारे पत्ते साईटच्या मुळाशी न जाता डिस्कच्या मुळाशी जातात, आणि जावास्क्रिप्टची मॉड्यूल चालत नाहीत. पायथन आहेच, तर त्या फोल्डरात जाऊन त्याचं ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हे मॉड्यूल ‘डॅश एम’ देऊन चालवा. पान लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर मिळेल. फोन त्याच वाय-फायवर असेल तर लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन (:) आणि ८००० टाकून फोनवरही उघडेल. विंडोजचं फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारतं. ती नाकारली की फोन नुसता फिरत राहतो.

पहिल्या पाच ओळी

डॉकटाइप एचटीएमएल ही घोषणा अगदी वर. ती सुटली तर ब्राउझर जुन्या ‘क्वर्क्स’ पद्धतीत जातो आणि मापं, उंच्या चमत्कारिक येतात. मग एचटीएमएल टॅगवर लँग या गुणधर्माला ‘एमआर’, म्हणजे मराठी. हेडमध्ये सगळ्यात आधी कॅरेक्टर सेट, यूटीएफ-८. ही ओळ फाईलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवी, आणि फाईलही खरोखर यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली हवी; नाहीतर ‘संत्री’च्या जागी टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं उमटतात. चौथी ओळ व्ह्यूपोर्टची: रुंदी यंत्राइतकी, सुरुवातीचं प्रमाण १. ती नसली तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मुंगीएवढं करून दाखवतो. तिच्यात झूम बंद करणारा शब्द मात्र कधी घालू नका. पाचवी ओळ शीर्षकाची, आणि त्यात ‘होम’ न लिहिता ‘काटोलची संत्री, नागपुरात घरपोच’ असं लिहा. गूगलमध्ये आणि व्हॉट्सअॅपवरच्या दुव्यात सहसा हेच दिसतं.

मजकूर आधी, रूप नंतर

सीएसएसची फाईल दोन दिवस उघडूच नका. आधी सगळा मजकूर योग्य टॅगांत बसवा: हेडर, नॅव्ह, मेन, फूटर, पानाचं मुख्य शीर्षक एच-१ मध्ये एकदाच, त्याखाली एच-२, एच-३ पायरी न चुकवता. अक्षर लहान हवं म्हणून एच-४ वापरणं ही प्रोग्रामरची नेहमीची चूक. आकार हे सीएसएसचं काम. शीर्षकाची पातळी म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका, आणि स्क्रीन रीडरवाला तिच्यावरूनच पानात फिरतो.

दुसरी सवय, सगळं डिव्हमध्ये, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेल्या नुसत्या चौकटीत, गुंडाळायची. क्लिक करायचं ते बटण असेल तर बटण टॅग, दुसरीकडे नेणारा दुवा असेल तर ए टॅग. डिव्हला क्लिक लावला की टॅब कळ तिथे थांबत नाही, एंटर चालत नाही, स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळत नाही. हे सगळं मग जावास्क्रिप्टने परत उभं करत बसावं लागतं. बटण टॅगमध्ये ते फुकट मिळतं.

आता ब्राउझरची मुकी दुरुस्ती जवळून बघा, कारण तिने पुष्कळांचे तास खाल्ले आहेत. परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये एक वाक्य लिहा, मधे भावाची चौकट म्हणून एक डिव्ह टाका, त्यानंतर अजून एक वाक्य, आणि मग पी बंद करा. वाटतं की एका परिच्छेदात चौकट बसली. नियम असा की परिच्छेदात डिव्ह चालत नाही. म्हणून डिव्ह दिसताच ब्राउझर परिच्छेद तिथेच बंद करतो. दुसरं वाक्य परिच्छेदाबाहेर उघडं पडतं. शेवटी बंद करणारा पी टॅग येतो, तेव्हा उघडा परिच्छेदच उरलेला नसतो; मग ब्राउझर एक नवा रिकामा परिच्छेद तयार करून बंद करतो. तुम्ही पी ला रंग दिलात तर पहिलं वाक्य रंगतं, दुसरं नाही, आणि खाली कारण नसताना मोकळी जागा येते. ‘व्ह्यू सोर्स’मध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तिथे तुमचीच फाईल असते. एफ-१२ दाबून एलिमेंट्स किंवा इन्स्पेक्टर उघडा. तिथे ब्राउझरने घडवलेलं झाड असतं. आपली फाईल आणि हे झाड शेजारी ठेवून वाचायची सवय लागली, तर एचटीएमएल निम्मं आलं समजा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा ऑनलाइन तपासनीसही रोज चालवा. कंपायलरची जागा तोच भरून काढतो.

बहराचं कोष्टक खऱ्या टेबल टॅगमध्ये टाका. आंबिया बहर फुलतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ निघतं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात. मृग बहर फुलतो जून-जुलैत, फळ फेब्रुवारी ते एप्रिलात. हा आकडेवारीचा तक्ता आहे, आणि टेबल त्यासाठीच आहे. कॅप्शनमध्ये तक्त्याचं नाव, शीर्षाच्या खणांना टीएच आणि स्कोप. पानाची मांडणी करायला मात्र टेबल वापरू नका.

सीएसएस: हुकूम नव्हे, नियम

सीएसएस हा एकापाठोपाठ एक चालणारा कोड नाही. तिथे सगळे नियम एकाच वेळी लागू असतात, आणि दोघांची टक्कर झाली की आधी वजन, मग क्रम बघतात. आयडी आणि क्लास ही टॅगला आपण दिलेली नावं. आयडीचा नियम क्लासच्या नियमाला भारी, क्लासचा टॅगच्या नियमाला. वजन सारखं असेल तर नंतर लिहिलेला जिंकतो. आमचा सल्ला सरळ आहे: रूप देण्यासाठी आयडी वापरूच नका, एकेका क्लासवर भागवा. वजन न बघता नियम जिंकवणारा ‘इम्पॉर्टंट’चा दांडका एकदा उचलला की पुढच्या प्रत्येक नियमाला तोच लागतो.

सुरुवातीला सगळ्या घटकांना बॉक्स-साइझिंग ‘बॉर्डर-बॉक्स’ द्या, म्हणजे पॅडिंग आणि कडा रुंदीतच धरल्या जातील. मुख्य मजकुराची कमाल रुंदी ३८ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराएवढं माप) ठेवा, मार्जिन दोन्ही बाजूंना ऑटो, कडेला १ रेम पॅडिंग. फोनसाठी वेगळं काही न लिहिताच पान फोनवर नीट बसतं. आधी अरुंद पडदा धरून लिहा आणि रुंद पडद्यासाठी किमान-रुंदीच्या मीडिया क्वेरीने भर घाला. उलटं केलं तर लिहिलेलं पुसण्यातच निम्मे नियम जातात. अक्षराची मापं रेममध्ये द्या. पिक्सेलमध्ये दिलीत तर ज्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलंय, त्याला ते मोठं मिळत नाही.

एका आडव्या ओळीत किंवा एका उभ्या रांगेत मांडायचं तर फ्लेक्सबॉक्स, आडवं-उभं दोन्ही सांभाळायचं तर ग्रिड. पेट्यांच्या कार्डांसाठी ग्रिडच्या रकान्यांना ‘रिपीट’, आत ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’मध्ये १४ रेम ते १ एफआर (मोकळ्या जागेचा एक वाटा) एवढंच लिहा, किती कार्डं एका रांगेत बसतील ते ब्राउझर ठरवतो. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांत आली. त्याआधीचे, फ्लोटवर मांडणी शिकवणारे धडे बाजूला ठेवा.

दोन बिघाड सगळ्यांना गाठतात. पहिला, फोनवर पान आडवं सरकणं. शोधायचं कसं? सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, कारण ती जागा घेते आणि मांडणीच बदलते. जो घटक पडद्याबाहेर डोकावतो तोच दोषी. पुष्कळदा ते कमाल रुंदी न दिलेलं चित्र असतं, नाहीतर फ्लेक्समधला लांबलचक ईमेल. फ्लेक्सचा घटक आपल्या मजकुरापेक्षा आपोआप लहान होत नाही. त्याला किमान रुंदी ० द्यावी लागते, आणि लांब शब्द तुटायला ‘ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर’. दुसरा बिघाड, लागून असलेल्या दोन परिच्छेदांची वरखालची मार्जिन बेरीज न होता मोठी तेवढी उरणं. हा बिघाड नव्हेच, नियम आहे. फ्लेक्स आणि ग्रिडमध्ये तो लागू होत नाही, म्हणून मांडणी बदलली की अंतरं अचानक वाढलेली दिसतात. तिथे मार्जिनऐवजी गॅप वापरा.

रंगाबद्दल थोडं थांबून. संत्र्याची साईट म्हटली की हात आपोआप नारिंगीकडे जातो, आणि नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं येतात. सीएसएसमधला ‘ऑरेंज’ आणि पांढरा यांचं कॉन्ट्रास्ट जेमतेम १.९७ ला १ भरतं. वाचण्याजोग्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीचा एए स्तर ४.५ ला १ मागतो, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं ठेवा, प्रमाण १०.६ वर जातं. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकलेला असताना सीताबर्डीच्या रस्त्यावर उभं राहून फोन बघणाऱ्याला फिकट करडी अक्षरं दिसतच नाहीत. एसीत बसून रंग निवडू नका. दुपारी गच्चीवर जाऊन फोनवर बघा.

मराठीची खास काळजी

इंग्रजी धड्यांत हे कुठेच नसतं, आणि मराठी साईटी इथेच विद्रूप होतात.

आपल्या लिपीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं. ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास द्या, १.२ वर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मूळ अक्षर १८ पिक्सेलच्या तोडीचं, म्हणजे १.१२५ रेम. लेटर-स्पेसिंग कायम ०. शीर्षकाला ऐट यावी म्हणून ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरपं अक्षर ही देवनागरीची रीत नाही. एम टॅगला ब्राउझर अक्षर ओढून तिरपं करतो. त्याला फॉन्ट-स्टाईल नॉर्मल देऊन ठळकपणाने जोर द्या. वेबफॉन्टचं ठळक वजन उतरवलं नसेल तर ब्राउझर खोटं ठळक घडवतो आणि जोडाक्षरांची भोकं बुजतात, म्हणून ४०० आणि ७०० ही दोन वजनं तरी घ्या.

फॉन्ट म्हणून मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी चांगले. टिरोत मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्ट आहेत. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं हिंदीपेक्षा निराळी, काही फॉन्टांत दोन्ही असतात आणि लँग ‘एमआर’ असेल तरच मराठी वळण निवडलं जातं. वर लँगचा आग्रह धरला तो याहीसाठी. फॉन्टची फाईल आपल्याच सर्व्हरवर डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठी आकसलेल्या प्रकारात ठेवा आणि फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर अदृश्य राहणार नाही.

छापखान्यातून आलेला मजकूर सहसा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतो. तो चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं येतात. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि मग प्रत्येक ओळ वाचून काढा. रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतातच. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोधताना जुळत नाहीत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. साईटभर एकच पद्धत ठेवा. पानात शोध देणार असाल तर तुलना करण्याआधी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करा.

आकडे पानावर देवनागरीत छान दिसतात. पण ‘टेल’ दुव्यातला फोन नंबर, फॉर्मची व्हॅल्यू, तारखेच्या टाइम टॅगमधलं डेटटाइम, सीएसएसची मापं या सगळ्यांत इंग्रजीच आकडे हवेत.

फॉर्म

प्रत्येक खणाला लेबल, आणि लेबलच्या ‘फॉर’मध्ये त्या खणाचा आयडी. प्लेसहोल्डर, म्हणजे खणातला फिकट मजकूर, हे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो आणि माणूस विसरतो काय विचारलं होतं. फोन नंबरला प्रकार ‘टेल’. पिनकोडला ‘टेक्स्ट’ आणि इनपुटमोड ‘न्यूमरिक’. इथे ‘नंबर’ नको: माउसचं चाक फिरलं की ४४००१० चं ४४००११ होऊ शकतं, आणि देवनागरी आकडे तो खण घेत नाही. फॉर्ममधल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ते ‘सबमिट’च मानलं जातं, म्हणून पेट्या वाढवण्याच्या अधिक-उणे बटणांना स्पष्ट ‘बटण’ असा प्रकार द्या. नाहीतर अधिक दाबताच पान नव्याने उघडतं.

नुसत्या एचटीएमएलच्या साईटवर फॉर्म पाठवायला पलीकडे कुणीतरी हवं: फॉर्म झेलणारी सेवा किंवा तुमचं छोटं पायथन ॲप. दिवसाला दहा-वीस मागण्या असणाऱ्या बागाईतदाराला फोनचा दुवा आणि व्हॉट्सअॅपचा दुवा पुरतो, असं आमचं मत. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात ९१ पासून नंबर लिहा, अधिक चिन्ह, सुरुवातीचा ० आणि मधल्या जागा वगळून.

जावास्क्रिप्ट, सगळ्यात शेवटी

स्क्रिप्ट नसतानाही भाव वाचता आले पाहिजेत आणि फोन लागला पाहिजे. ‘नेहमीचे प्रश्न’ उघडझाप करायला डिटेल्स आणि समरी हे टॅग आहेत, स्क्रिप्ट लागत नाही. एकूण रक्कम दाखवण्यापुरती ती लिहा. हेडमध्ये जोडताना ‘डिफर’ द्या; न दिल्यास बॉडी तयार होण्याआधीच ती धावते, खण सापडत नाही आणि कन्सोलमध्ये ‘नल’ची तक्रार येते. हिशेब रुपयांत न करता पैशांत, पूर्णांकात करा. रक्कम दाखवताना इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत हा लोकेल दिला की देवनागरी आकडे आणि लाखाचा स्वल्पविराम दोन्ही मिळतात.

फोटो

फोनचा फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३-४ एमबी असतो. स्क्वूश या चित्रं लहान करणाऱ्या ऑनलाइन साधनात १२०० पिक्सेल रुंद, वेबपी, दर्जा ७५ करा. साधारण १००-२०० केबीत येतो. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची एचटीएमएलमध्येच द्या, नाहीतर चित्र उतरताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच दुव्यावर पडतं. ‘लेझी’ लोडिंग खालच्या चित्रांना लावा. सगळ्यात वरच्या चित्राला लावलंत तर तेच उशिरा येतं. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. बागेच्या फोटोत चालेल, घराच्या नको. टाकण्याआधी पुसलेत का ते बघा.

वर चढवणं

चढवण्याआधी: माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरने मागणी पुरी करा. २०० टक्के झूम करा. नेटवर्कच्या खिडकीत गती ‘स्लो ४जी’ करून पान रिकाम्या कॅशेने (ब्राउझरने जपून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसून) उघडा.

नुसत्या फायलींच्या साईटसाठी गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय यांची फुकट सोय पुरते. मात्र गिटहब पेजेस ऑनलाइन व्यापार चालवायला नाही. ओळखपान ठीक, पैसे घेणारं दुकान उभं करायचं तर दुसरीकडे जा. डोमेन ‘डॉट इन’ घ्या आणि ते बागाईतदाराच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर घ्या. करून देणाऱ्याच्या नावावर असलेलं डोमेन पुढे सोडवणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याइतकी खटपट. ‘डॉट भारत’ही मिळतं, पण आतून त्याचं प्यूनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतलं रूप, होतं आणि काही ठिकाणी दुवा त्याच विचित्र रूपात दिसतो, दुसरा पत्ता म्हणून घ्या, एकमेव म्हणून नको. डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदीचा) बदल लगेच न दिसता जुन्या नोंदीची टीटीएल, म्हणजे जपून ठेवायची मुदत, संपल्यावर दिसतो, तोवर धीर धरा आणि नोंदी पुनःपुन्हा बदलू नका. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र या सेवा आपोआप देतात. पान सुरक्षित नसल्याची खूण ब्राउझर दाखवत असेल तर एखादं चित्र किंवा फॉन्ट साध्या एचटीटीपी पत्त्यावरून येतोय का ते कन्सोलमध्ये बघा.

भाव बदलले की कोष्टकाखाली टाइम टॅगमध्ये ‘शेवटचा बदल’ची तारीख टाका, संत्र्याच्या पानावर गिऱ्हाईक आधी तीच शोधतं. सीएसएस बदलूनही फोनवर जुनंच रूप दिसत असेल तर ती कॅशे आहे. आपल्या संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर पुरे, पण गिऱ्हाईकाला ते सांगता येत नाही, तेव्हा सीएसएस फाईलच्या नावातच आकडा वाढवा, स्टाईल-२, स्टाईल-३, आणि हेडमधला दुवाही त्याच वेळी बदला.